भंगार कुणाला म्हणायचं?

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. चंदीगडच्या धावपट्टीवर मिग-२१ विमानांवर पाण्याचे फवारे उडवले आणि त्यांना निवृत्त केलं. १९६३ साली आलेलं विमान बासष्ट वर्षांनी गेलं. गडहिंग्लजात आमच्या घरी नवरात्राची गडबड चालली होती आणि पुतण्याच्या फोनवर एकामागून एक रील्स. तिरंगा, स्लो मोशन, मागं गाणं, खाली ‘अलविदा योद्धा’. दोन रील्स झाल्या की तिसरी त्याच विमानाच्या जळक्या सांगाड्याची, वर लिहिलेलं ‘उडती शवपेटी’. चौथी परत तिरंग्याची. पठ्ठ्यानं सगळ्यांना लाइक ठोकलेलं.

‘अरे, दोन्ही खरं कसं असेल?’ मी विचारलं.

‘काका, दोन्ही भारी आहेत की.’

पलीकडं सोप्यात आबा बसले होते. आबा म्हणजे माझे चुलते. बावीस वर्षं ईएमईत, म्हणजे लष्कराची सगळी गॅरेजं सांभाळणाऱ्या शाखेत काढलेली. अर्धं आयुष्य टी-७२ रणगाड्याच्या पोटाखाली आडवं पडून गेलं. ‘शवपेटी’ हा शब्द कानावर पडला तसे ते म्हणाले, ‘लोखंडाला कशाला शिव्या द्यालास? लोखंडानं काय अर्ज केलता काय, मला अजून पाच वर्षं वापरा म्हणून?’

हे वाक्य त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. तुमच्या फोनवर रोज जे दोन-तीन प्रकारचे लोक रशियन शस्त्रांवर भांडतात, त्या सगळ्यांशी मला भांडायचं आहे आणि सुरुवात आबांच्या बाजूनं करायची आहे.

पहिला प्रकार ‘रशियन भंगार’वाल्यांचा. युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून त्यांना ऊत आलाय. टी-७२ चा स्फोट होतो, वरचा बुरूज हवेत उडतो, त्यावर गाणं लावतात, खाली लिहितात, ‘आपल्याकडं पण हेच आहेत भावांनो’. आहेतच. १९७० च्या दशकाच्या शेवटी ते भारतात आले, पुढं चेन्नईजवळ आवडीला बनू लागले, ‘अजेय’ असं नाव मिळालं, आणि आजही संख्येनं आपला सगळ्यांत मोठा रणगाडा तोच आहे. बुरूज का उडतो हेही काही गुपित नाही. टी-७२ मध्ये गोळे भरायला माणूस नाही, यंत्र आहे. बुरुजाच्या खाली, जमिनीलगत एक गोल चकती फिरते, तिच्यात बावीस गोळे आणि त्यांचं दारूगोळ्याचं सामान. त्यामुळं तीन माणसांत काम भागतं, रणगाडा बुटका राहतो, लांबून दिसत नाही, वजन कमी, पूल मोडत नाहीत. पण चिलखत फोडून आत काही शिरलं आणि ती दारू पेटली, तर माणसं तिच्यावरच बसलेली असतात.

म्हणजे ते भंगार आहे म्हणून उडत नाही. नवाकोरा असता तरी उडाला असता. ज्यांनी तो काढला त्यांनी ठरवून केलेला सौदा आहे तो: हजारोंच्या संख्येनं बनवायचे, स्वस्तात बनवायचे, आणि आतल्या तिघांचं जे होईल ते होईल. आपण तो सौदा पैसे देऊन विकत घेतला. मला त्या बुरुजाच्या व्हिडिओवर हसणाऱ्यांचं आश्चर्य वाटतं ते यासाठी. आत कुणीतरी असतं हो. आणि आपल्या बाबतीत ते कुणीतरी एखाद्या वेळी नेसरीचं, हलकर्णीचं, कडगावचं असू शकतं.

आबांना विचारलं तर ते टी-७२ ला नावं ठेवत नाहीत. त्याचं इंजिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ च्या इंजिनाचा नातू. तीच बारा सिलिंडरची डिझेल घराण्याची परंपरा. ‘हातोडा, पाना आणि शिव्या, तीन गोष्टी असल्या की चालू होतंय,’ असं ते सांगतात. एके-४७ बद्दल तर फौजी लोक देवाबद्दल बोलावं तसं बोलतात. कारगिलमध्ये आपल्या स्वदेशी इन्सास रायफलीची प्लॅस्टिकची मॅगझिनं थंडीनं तडकत होती, रायफल अडकत होती, आणि जवान एके मिळावी म्हणून वाट बघत होते. आज अमेठीच्या कोरव्यात एके-२०३ बनते ती काय उगीच नाही. तेव्हा ‘रशियन म्हणजे भंगार’ हे वाक्य ज्यानं कधी पाना हातात धरला नाही त्याचं आहे.

मग ते मरतात कशानं? आकडे बघू. मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त पडली. त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ४८२ अपघात. त्यांत १७१ वैमानिक गेले, ३९ सामान्य नागरिक गेले, इतर सेवांमधले ८ जण गेले. कारणं दिली दोन, माणसाची चूक आणि तांत्रिक दोष. झालं. दोन शब्दांत ४८२ विमानं निकालात निघाली.

या दोन कारणांच्या मधे एक तिसरं कारण बसलंय आणि ते कुठल्याही रीलमध्ये येत नाही. मिग-२१ जवळजवळ ताशी ३४० किलोमीटरच्या वेगानं जमिनीला टेकतं. इंजिन एकच. समोरचं नीट दिसत नाही. अशा विमानात बसण्याआधी पोरानं मधल्या वेगाच्या, आधुनिक प्रशिक्षण विमानात हात बसवायला हवा, हे कुणालाही समजेल. मोपेडवरून उतरून थेट ट्रक चालवायला देत नाहीत. वायुसेनेलाही समजत होतं. अपघात वाढले म्हणून एअर मार्शल ला फोंतेन यांची समिती नेमली गेली, तिनं १९८२ मध्ये लिहून दिलं की प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. पहिली हॉक सेवेत आली २००८ मध्ये.

१९८२ ते २००४. बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत पोरं किरण नावाच्या साध्या प्रशिक्षण विमानातून उतरायची आणि मिग-२१ मध्ये बसायची. आणि पडली की अहवालात ‘माणसाची चूक’ असं लिहिलं जायचं. माणसाची चूक होतीच, फक्त तो माणूस कॉकपिटमध्ये नव्हता, दिल्लीत टेबलामागं होता. त्याच्या नावाचा कागद मला कुणी दाखवलेला नाही.

या बावीस वर्षांच्या शेवटाकडं, १७ सप्टेंबर २००१ ला, राजस्थानात सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले. मुंबईचं मराठी कुटुंब. त्यांच्या आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. मिगच्या सुरक्षिततेबद्दल त्या उघडपणे बोलत राहिल्या, मुलाच्या नावानं हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ आला तेव्हा त्यातल्या वैमानिकाच्या गोष्टीत लोकांना गाडगीळांची गोष्ट दिसली. तुम्ही तो सिनेमा पाहिला असेल, त्यातली गाणी तुमच्या फोनमध्ये असतील. पण आपण त्यातून घेतलं काय? इंडिया गेटवरच्या मेणबत्त्या. त्या आईनं विचारलेला प्रश्न मेणबत्तीचा नव्हता, सुट्या भागांचा होता, प्रशिक्षणाचा होता, अहवालाचा होता. मेणबत्ती सोपी पडते, कुणाला अडचण होत नाही.

आता ‘रशियन’ या शब्दाकडं येऊ. मिग-२१ रशियन होतं का? आराखडा रशियन. पण आपल्याकडची साडेसहाशेच्या आसपास विमानं एचएएलनं बनवली, आणि त्या कामाचं केंद्र होतं नाशिकजवळचं ओझर. १९६४ मध्ये तिथं कारखाना उभा राहिला तोच मिगसाठी. सुखोई-३० चंही तसंच, २७२ पैकी २२२ विमानं ओझरलाच जुळवली गेली. म्हणजे ज्याला तुम्ही रशियन भंगार म्हणताय, त्याचे स्क्रू पिळणारे हात बऱ्याच वेळा निफाडचे, दिंडोरीचे, चांदवडचे होते. त्या कामगारांवर माझा राग नाही. माझा मुद्दा एवढाच की ‘रशियन’ म्हटलं की आपण आपल्याला मोकळं करून घेतो.

याचं एक उदाहरण तर न्यायालयात सिद्ध झालंय. जानेवारी २००५ मध्ये विंग कमांडर संजीत सिंग कैला यांच्या मिग-२१ मध्ये राजस्थानात बिघाड झाला. त्यांनी विमान वस्तीपासून लांब नेलं आणि मग उडी मारली. पाठीच्या दुखापतीनं त्यांचं लढाऊ विमान उडवणं कायमचं संपलं. ते भांडत राहिले. २०१७ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला की दोष एचएएलच्या कामातला होता, आणि केंद्र सरकार व एचएएलनं मिळून ५५ लाख रुपये भरपाई द्यावी. न्यायालयाच्या म्हणण्याचा अर्थ साध्या भाषेत असा: सैनिक धोका पत्करतो तो शत्रूचा आणि कामाचा. ढिसाळ कारागिरीचा धोका त्यानं पत्करलेला नाही. हा निकाल शाळेच्या पुस्तकात घातला पाहिजे. बारा वर्षं लागली त्याला. आणि तो जिवंत राहिला म्हणून भांडू शकला, हेही विसरू नका. १७१ जण भांडायला आलेच नाहीत.

आता जरा आपल्या बाजूला या. गडहिंग्लजहून आजरा, आंबोली ओलांडून घाट उतरलं की तीन-चार तासांत गोवा. दाबोळीच्या विमानतळावर तुम्ही पर्यटक म्हणून उतरता, ती खरं तर नौदलाची धावपट्टी आहे, आयएनएस हंसा. तिथं मिग-२९के ही विमानं आहेत. ही म्हातारी नाहीत बरं का. २०१० च्या फेब्रुवारीत नव्यानं आली, कारखान्यातून कोरी, विमानवाहू जहाजावर उतरण्यासाठी खास बनवलेली, एकूण ४५. यांना ‘जुनाट’ म्हणायची सोय नाही.

२०१६ मध्ये कॅगनं या विमानांवर अहवाल दिला. ६५ इंजिनांपैकी ४० इंजिनं रचनेतल्या दोषांमुळं सेवेतून काढावी लागली होती. एका आसनाच्या विमानांची उपलब्धता, म्हणजे शंभरातली किती विमानं त्या दिवशी उडण्याच्या अवस्थेत आहेत हा आकडा, १६ टक्क्यांच्या आसपासपासून ३८ टक्क्यांच्या आतबाहेर. वडापच्या धंद्यात दहातल्या सहा ते आठ गाड्या कायम गॅरेजात असल्या तर मालक गाव सोडून पळेल. इथं त्या गाड्या हजारो कोटींच्या. पुढं काय झालं ते गोव्याच्या लोकांनी पाहिलं. जानेवारी २०१८ मध्ये एक विमान धावपट्टीवरून घसरून पेटलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये एक वेर्णे भागात पडलं, दोघं वैमानिक वाचले. फेब्रुवारी २०२० मध्ये एक समुद्रात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक समुद्रात, आणि त्यात कमांडर निशांत सिंग गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एक. यातलं प्रत्येक इंजिनामुळं पडलं असं मी म्हणत नाही, २०१९ च्या वेळी पक्षी धडकल्याचं सांगितलं गेलं. मी एवढंच म्हणतोय की नवं विमान आणलं तरी गोष्ट तीच राहिली, तेव्हा गोष्ट वयाची नव्हती.

सुखोईचंही बघा. १४ ऑक्टोबर २०१४ ला पुण्याजवळ थेऊरला एक सुखोई-३० उतरायच्या बेतात होतं आणि दोन्ही वैमानिकांच्या खुर्च्या आपोआप उडाल्या. कुणी खटका ओढला नाही, आणि खुर्च्या माणसांसकट बाहेर. माणसं वाचली. रशियन माध्यमांतून वैमानिकाची चूक असल्याच्या बातम्या आल्या, वायुसेनेनं त्या फेटाळल्या. जवळजवळ महिनाभर सगळ्या सुखोईंना जमिनीवर बसवलं. २०१५ मध्ये मनोहर पर्रीकरांनी संसदेत सांगितलं की तपासलेल्या ६९ इंजिन बिघाडांपैकी ३३ बेअरिंगमुळं झाले. बेअरिंग! इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यालाही कळतं की बेअरिंग आवाज करायला लागलं की काय करायचं. आणि ४ जून २०२४, लोकसभेची मतमोजणी, सगळा देश टीव्हीसमोर, त्या दिवशी निफाड तालुक्यात शिरसगावच्या शेतात ओझरचं सुखोई पडलं. वैमानिक वाचले. बातमी निकालांच्या खाली दबून गेली.

पर्रीकरांबद्दल एक बाजूची गोष्ट. आपल्याकडं मंत्र्यानं बेअरिंगचा आकडा संसदेत सांगावा हे विरळाच. इंजिनिअर माणूस होता, बहुतेक त्यामुळं. त्यांच्या काळात सुखोईची उपलब्धता पन्नासच्या खालून वर सरकली. कशानं? सुट्या भागांचे करार, भारतातच साठा, रोजचा पाठपुरावा. विमानं तीच, वयानं उलट वाढलेली. पाठपुरावा केला की विमान तरुण होतं, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा प्रकार ‘रशिया आपला खरा दोस्त’वाल्यांचा. यांचं सगळं ७१ वर येऊन थांबतं. ७१ खरं आहे, आणि त्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागणाऱ्या विमानांत मिग-२१ होती हेही खरं आहे. पण दोस्तीचा हिशेब बघा. ‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह’ हे त्यांचं जुनं जहाज २००४ मध्ये आपण घ्यायचं ठरवलं, दुरुस्तीसह किंमत सुमारे ९७ कोटी डॉलर. अर्ध्या वाटेवर दोस्तानं किंमत वाढवली, शेवटी ती सुमारे २३० कोटींवर गेली. कॅगनं २००९ मध्ये लिहिलं की आयुष्य कमी उरलेलं वापरलेलं जहाज आपण नव्या जहाजापेक्षा जास्त पैशांत घेतोय. २०१२ च्या चाचणीत त्याच्या आठ बॉयलरपैकी सात बंद पडले. रशियानं सांगितलं, तुम्ही अ‍ॅस्बेस्टॉस नको म्हणालात म्हणून विटा वापरल्या, आणि त्या विटा चिनी होत्या. अशा दोस्ताला आमच्याकडं बाजारात काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही. ते जहाज म्हणजे आयएनएस विक्रमादित्य, आणि मघाची ती गोव्याची विमानं त्याच्यासाठीच घेतलेली.

आणि ‘रशियन’ तरी काय असतं? १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा आपल्या शस्त्रांचे कारखाने अचानक वेगवेगळ्या देशांत जाऊन पडले. वाटणी झाली, विहीर एका भावाकडं आणि मोटर दुसऱ्याकडं, तसलं. एएन-३२ वाहतूक विमानांची डागडुजी युक्रेनकडं, त्याचा करार २००९ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर गाडी अडकली. डिसेंबर २०२४ मध्ये रशियात कालिनिनग्राडला आपण आयएनएस तुशील ही युद्धनौका ताब्यात घेतली. तिची टर्बाइन युक्रेनची. रशियाला ती युक्रेनकडून मिळेनात, म्हणून भारतानं विकत घेऊन रशियाला नेऊन दिली. दोघांत वैर पेटलेलं असताना आपण मधे इंजिनाची ने-आण केली. हे हुशारीचं आहे, मी मानतो. पण ज्याचं इंजिन असं मिळवावं लागतं त्याचा सुटा भाग दहा वर्षांनी कुठून आणणार?

आबांच्या शब्दांत याला कॅनिबलायझेशन म्हणतात. एका रणगाड्याचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा. दहापैकी दोन गाड्या कायम पोट उघडून उभ्या, बाकी आठ चालतात. ‘त्या दोन गाड्या तपासणीच्या दिवशी कुठं असायच्या?’ मी विचारलं. आबा हसले, उत्तर दिलं नाही. बावीस वर्षांची शिस्त.

मुंबईचं मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नये. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले आणि ती जागेवरच बुडाली. अठरा जण आत. उद्या झेंडावंदन आणि आज ही पाणबुडी पाण्याखाली. जेमतेम सोळा वर्षांची होती, आणि रशियात मोठी दुरुस्ती करून काही महिन्यांपूर्वीच परत आलेली. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ ला, मुंबईच्या समुद्रात आयएनएस सिंधुरत्नमध्ये आग आणि धूर, दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि सरकारनं तो लगोलग स्वीकारला. गणवेशातला माणूस गेला. फायलीवर सही करणारं मंत्रालय जागेवर राहिलं. निवडणुका तोंडावर होत्या.

तिसरा प्रकार सगळ्यांत गोड बोलणारा, ‘आता आत्मनिर्भर, आता सगळं बदललं’. बदलतंय हे खरं. आपल्या शस्त्र आयातीतला रशियाचा वाटा सिप्रीच्या हिशेबानं २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता, २०२०-२४ मध्ये ३६ वर आला. पण मिग-२१ च्या जागी येणाऱ्या तेजसला मंजुरी मिळाली १९८३ मध्ये. पहिलं उड्डाण जानेवारी २००१. पहिली तुकडी जुलै २०१६. मिग-२१ बासष्ट वर्षं उडालं ते त्याच्या प्रेमापोटी नव्हे, बदली माणूस कामावर आलाच नाही म्हणून. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए मागवली, मार्च २०२४ पासून मिळायची होती, आणि मिगला निरोप दिला त्या दिवसापर्यंत वायुसेनेच्या हातात एकही नव्हतं. यावेळी इंजिन अमेरिकेचं आणि उशीरही अमेरिकेचा. मंजूर ४२ तुकड्या, त्या संध्याकाळी उरल्या २९. तेव्हा अमेरिकन म्हटलं तर चकाचक आणि रशियन म्हटलं तर भंगार, असं काही नसतं. दुसऱ्याच्या कारखान्यावर आपलं पोर टांगलेलं असतं, एवढंच असतं.

आणि मिगला अगदी शेवटी शेवटी वापरल्याची किंमत कुणी दिली? मे २०२३ मध्ये हनुमानगड जिल्ह्यात एक मिग-२१ घरावर पडलं. वैमानिक वाचला. तीन बायका गेल्या, आपापल्या घरी कामात असलेल्या. त्यांच्यासाठी कुणी पाण्याचे फवारे उडवले नाहीत. ‘अलविदा योद्धा’ रीलमध्ये त्या नाहीत.

एक नियम सांगतो, चिडायला उपयोगी पडेल. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही, त्या मोडीत जातात. तहसीलची जीप असो, जिल्हा परिषदेची गाडी असो. त्याच अधिसूचनेत सवलत आहे: देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष कारवाईत वापरली जाणारी चिलखती आणि खास वाहनं यातून वगळली आहेत. सवलत का ते मला समजतं. रणगाडा पंधरा वर्षांत मोडीत काढणारा देश जगात नाही, अमेरिकाही साठ वर्षांपेक्षा जुनी बॉम्बफेकी विमानं उडवते. पण तिथं वय वाढवताना पैसे ओतून, भाग बदलून, आकडे संसदेसमोर ठेवून वाढवतात. आपण सवलत घेतली आणि तिच्या बदल्यात द्यायची माहिती मात्र गुप्त ठेवली. टी-७२ साठी मार्च २०२५ मध्ये हजार अश्वशक्तीच्या नव्या इंजिनांचा करार झाला, सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर, रशियाशीच. म्हणजे तो अजून बरीच वर्षं राहणार. ठीक आहे, राहू दे. मग प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल, शत्रूला उपयोगी पडेल तेवढा भाग गाळून, घरच्यांच्या हातात द्या. किती रणगाडे, किती विमानं, किती पाणबुड्या चालत्या अवस्थेत आहेत याचा आकडा निदान संसदेच्या समितीत दरवर्षी येऊ दे, मंत्र्याच्या सहीनं. शत्रूला कळेल म्हणता? शत्रू उपग्रहातून बघतोय. कळत नाही ते फक्त आम्हाला.

‘सैन्याबद्दल प्रश्न विचारू नयेत’ असं मला या लेखाखाली कुणीतरी लिहिणारच आहे. तो बहुतेक असा असेल ज्याच्या घरातलं कुणी फौजेत नाही. आमच्या तालुक्यात गल्लीगल्लीत पेन्शनी आहेत, बेळगावचं मराठा सेंटर आम्हाला कोल्हापूरइतकंच जवळचं आहे. प्रश्न विचारणं हा आमच्याकडं घरचा विषय आहे.

पुतण्या पहाटे पाचला एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर धावायला जातो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचेत, अग्निवीरसाठी. पाच पस्तीस येतंय. चार वर्षांची नोकरी, त्यात शिकायचं, चालवायचं आणि परत यायचं. तो एकोणीस वर्षांचा होईल तेव्हा त्याला मिळणारा टी-७२ त्याच्या बापाच्या वयाचा असेल.

परवा रात्री त्यानं आबांना विचारलं, ‘आजोबा, रणगाड्यात मी बसतो काय हो? पाच फूट दहा आहे.’

आबा उठले. जेवणाचं टेबल भिंतीकडं सरकवलं, खालचा पाट ओढला आणि त्याला म्हणाले, ‘बस ह्याच्या खाली. गुडघे छातीला लाव. मान थोडी पुढं. आता डोळे ह्या फटीतनं बाहेर.’

तो बसला. आम्ही सगळे हसत होतो. त्याचा मोबाइल वर टेबलावर वाजत होता.

‘किती वेळ बसायचं असतंय?’ खालून आवाज आला.

‘मी सांगतो तवर,’ आबा म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले.